चुकून लागलेला फोन

एकच मुलाखत पुन्हा पुन्हा वाचायची, आधी काय घडलं ते कळायला, मग ते कसं सांगितलंय ते कळायला, आणि शेवटी काय सांगितलंच नाही ते कळायला, असं माझ्या प्रोफेसरबाई म्हणाल्या तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना एक अस्सल नागपुरी शिवी दिली. मी नर्स. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात घडलेली. पेशंटचा बीपी खाली आला की धावायचं, सलाईन लावायचं, डॉक्टरला हाक मारायची. कागद मांडीवर घेऊन एखाद्याची गोष्ट चघळत बसणं हे काम आहे, यावर माझा विश्वास नव्हता.

तशीही मला स्वस्थ बसण्याची सवय नाही. २००१ साली नवऱ्याच्या मागोमाग जर्सी सिटीत आले, तेव्हा त्याच्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. उंच बिल्डिंगच्या खिडकीतून रोज सकाळी ट्रेनकडे पळणारी माणसं बघायची आणि आपल्याला पळायला काही निमित्तच नाही, म्हणून घरातल्या घरात येरझाऱ्या घालायच्या. इतकी चिडचिड मी पुढे कधी केली नाही. पुढे ग्रीन कार्ड हातात पडलं, इथलं लायसन्स काढलं, नवऱ्याला शिकागोत काम मिळालं आणि आम्ही नेपरव्हिलला घर घेतलं. मी हार्ट पेशंटच्या वॉर्डात लागले. दोन वर्षं बरी गेली. मग तिथेही चुळबुळ सुरू झाली, आणि मी नोकरी सांभाळून मास्टर्सला नाव घातलं.

माझ्या प्रोफेसरबाई सत्तरीला टेकलेल्या. हयात वॉर्डात काढून मग शिकवायला आलेल्या. त्यांचा अभ्यास होता तो हार्ट अटॅकनंतर घरची माणसं त्या दिवसाची गोष्ट कशी सांगतात, याचा. नॅरेटिव्ह ॲनालिसिस म्हणतात त्याला. पेशंटच्या फाइलमध्ये नाडी, रक्त, औषधं सगळं येतं, पण माणूस त्या आजाराचं पुढे काय करतो ते फाइलमध्ये येत नाही, ते त्याच्या सांगण्यात येतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस गोष्ट कुठून सुरू करतो, कुणाला मोठं करतो, कुणाला वगळतो, यावर त्याचं पुढचं आयुष्य बेतलेलं असतं म्हणे. मला ते पुस्तकी वाटायचं. पण त्यांना भारतीय घरं हवी होती, मला मराठी आणि हिंदी येत होतं, आणि मला पदवी हवी होती. जमून गेलं.

पहिलं घर म्हणून मी ओळखीच्या काका-काकूंचं धरलं. आमच्याच भागात, दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या मुलाचं घर. मुलगा आयटीत, इथला सिटिझन झालेला, एकुलता एक. सून फार्मसीत. काका बँकेतून रिटायर झालेले, गोरेपान, बोलके. काकू बारीक चणीच्या, कायम काहीतरी निवडत किंवा चिरत असलेल्या. दोघं सांगलीहून सहा महिन्यांसाठी म्हणून आले होते, आणि परतीच्या तिकिटाच्या आधीच काकांना अटॅक आला. इथेच बायपास झाली. मग तिकीट पुढे गेलं, मग कॅन्सल केलं, मग मुलाने दोघांच्या ग्रीन कार्डाचे कागद घातले. मी मुलाखत घ्यायला लागले तोवर त्याने सांगलीचा फ्लॅट विकायचंही ठरवलं होतं.

काकांची ती गोष्ट मी रेकॉर्ड करण्याआधीच दोन वेळा ऐकली होती, कारण ते ती प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या जेवणाला, सांगत. जेवणं झाली, पुरुष मंडळी सोफ्यावर सैलावली की कुणीतरी म्हणायचंच, "काका, ती तुमची फोनवाली स्टोरी सांगा ना यांना." काका आधी जरा आढेवेढे घेत. मग सुरू.

"सकाळपासून छातीत दुखत होतं. म्हटलं, गॅसेस. घरात आम्ही दोघंच. हा ऑफिसला, सूनबाई कामावर. ही आपली नेहमीप्रमाणे बहिणीला फोन लावायला बसली. आता इथून इंडियाला फोन म्हणजे किती आकडे! शून्य एक एक, मग नऊ एक. माझ्या कण्हण्याने ही गडबडली. पहिले तीन आकडे विसरली. दाबलं नऊ, दाबलं एक, आणि बोट थरथरलं, तर आणखी एकदा एक दाबला गेला!" इथे काका थांबत. हा इथला पोलीस-ॲम्ब्युलन्सचा नंबर, हे ज्यांच्या लक्षात येई ते आधी हसत. "नाइन वन वन! तिकडून बाई इंग्रजीत बोलायला लागली. हिने घाबरून फोन ठेवला. आणि काय सांगू, पत्ता न सांगता दहा मिनिटांत दारात लाल गाडी, पांढरी गाडी, पोलीस. मला वाटलं घरात चोर शिरलाय. बहिणीशी गप्पा मारायच्या नादात हिने नवरा वाचवला! सांगलीत असतो तर तिसऱ्या मजल्यावरच आटोपलं असतं."

सगळे हसून हसून लोळायचे. काकूही मान खाली घालून हसायच्या. मीसुद्धा हसले होते. गोष्टच तशी झकास होती.

रेकॉर्डर समोर ठेवून काकांनी ती तिसऱ्यांदा सांगितली, तेव्हा ती शब्दाला शब्द तशीच आली. तेच थांबणं, तोच लाल गाडी-पांढरी गाडीचा ठेका. मी ती उतरवून काढली, इंग्रजीत भाषांतर केलं आणि प्रोफेसरबाईंना दिली. काम लवकर उरकल्याचा मला आनंद होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. कागदांच्या समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"गोष्टीतल्या प्रत्येक माणसाला काहीतरी हवं असतं," त्या म्हणाल्या. "या माणसाला मुलाच्या कामात अडथळा आणायचा नाही. ॲम्ब्युलन्सवाल्यांना त्याला हॉस्पिटलात न्यायचंय. मुलाला वडील हवेत. आणि बायकोला?"

"बहिणीशी बोलायचंय," मी म्हणाले.

"नवरा शेजारी कण्हत असताना?" त्यांनी चष्मा काढला. "मी ही गोष्ट बऱ्याच वेळा वाचली. या गोष्टीत या बाईला फक्त एक बोट आहे. बाकी बाई कुठे आहे?"

मला राग आला. त्यांचा नाही, माझाच. वॉर्डात एखाद्या पेशंटकडे नुसतं बघून मी सांगायचे, याचं काहीतरी बिनसलंय. आणि इथे तीन वेळा ऐकून मला काही दिसलं नव्हतं. 

काकूंची मुलाखत घ्यायची ठरली. पहिल्या खेपेला काका शेजारीच बसले. मी काकूंना विचारायचे आणि उत्तर काका द्यायचे. "तिला काय विचारतेस, ती तर घाबरून गेली होती." ही आपल्याकडची रीतच. बायकोच्या दुखण्याची हकीकतसुद्धा डॉक्टरला नवराच सांगतो, हे मी वॉर्डात शंभरदा बघितलंय. काकू कोथिंबीर निवडत राहिल्या. तो सगळा तास वाया गेला.

दुसऱ्या खेपेला मी वेळ साधून गेले. आठवड्यातून काही दिवस काकांना हॉस्पिटलच्या व्यायामाच्या वर्गाला सून सोडायला जायची. तेव्हा काकू घरी एकट्या. बाहेर बर्फ पडून घट्ट झालेलं, गल्लीत चिटपाखरू नाही. काकूंनी चहा टाकला. मी रेकॉर्डर सुरू केला आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही खूप घाबरला होतात का?"

"हो," काकू म्हणाल्या.

झालं. एक अक्षर. मी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांनाही तसंच. टेबलाखाली माझा पाय हलायला लागला होता. मग प्रोफेसरबाईंनी बजावलेलं आठवलं, की काय वाटलं ते विचारू नकोस, घडलं ते सांगू दे, आणि कुठून सुरू करायचं तेही तिलाच ठरवू दे.

"काकू, त्या दिवसाचं तुम्हाला जिथून सांगावंसं वाटेल तिथून सांगा."

काकूंनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. हात पुसले. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी टेलिफोनला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं."

नमनाला घडाभर तेल, असं मला वाटलं. काकू बोलत होत्या आणि मी घड्याळाकडे बघत होते. सांगलीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. तो लांबलचक बोर्ड, कानाला लावलेला हेडफोन, ट्रंक कॉल बुक करणारी माणसं, मुंबईची लाईन मिळाली की भांडायला उठणारे व्यापारी. मूल झालं तेव्हा आईला आणून ठेवलं, पण नोकरी सोडली नाही. मुलगा शाळेतून सुटला की एक्सचेंजच्या पायरीवर येऊन बसायचा. ड्यूटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. कुणाच्या घरी मरण झालं, कुणाला मुलगा झाला, हे गावात सगळ्यात आधी आम्हाला कळायचं, असं काकू म्हणाल्या, आणि तरी आम्ही कुणाला सांगायचो नाही, असंही म्हणाल्या. मी मनात हिशेब करत होते, सून काकांना घेऊन परत यायच्या आत मूळ विषयावर गाडी येणार की नाही. इथे आलेल्या आईवडिलांपैकी वडिलांना लोक विचारतात, काका तुम्ही कशातून रिटायर? आईला कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आणि मग कधीतरी माझा हलणारा पाय थांबला. तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेली ही बाई. हिचं बोट चुकून एकावर पडलं?

 काकूंना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी आवाज खाली आणला.

"सकाळी चहा घेताना ह्यांचा डावा हात जड झाला. तेव्हाच मी म्हटलं, मुलाला फोन करू या. तर म्हणाले, त्याची मीटिंग आहे, खबरदार. मग घाम आला. मी म्हटलं, इथे तो नंबर असतो ना, तो लावते. तर म्हणाले, हात लावायचा नाही फोनला, लोकं जमा करशील, मुलाला खाली मान घालायला लावशील. माझ्यावर ओरडले, आणि ओरडताना त्यांना धाप लागली. तेव्हा मी उठले. स्वयंपाकघरातल्या फोनकडे गेले आणि लावला. सोफ्यावरून ओरडत होते, ठेव तो फोन, ठेव म्हणतो ना. मी नाही ठेवला."

"इंग्रजीत बोललात?"

"मग? आम्हाला लागायचं तेवढं. नाव सांगितलं, वय सांगितलं, चेस्ट पेन म्हटलं. घराचा नंबर एकेक आकडा करून दोनदा सांगितला, आम्ही सांगायचो तसा. ती बाई म्हणाली, फोन ठेवू नका, लाईनवर राहा. मी म्हटलं, मॅडम, आय ॲम हिअर." काकू किंचित हसल्या. "लाईन मी कधीच तोडली नाही गं. गाडी येईपर्यंत धरून होते."

मी विचारलं, मग ती बहीण, ते चुकलेलं बोट, ते कुठून आलं? काकू म्हणाल्या, हॉस्पिटलातून घरी आल्यावर पहिल्यांदा लोक भेटायला आले, कुणीतरी विचारलं फोन कुणी केला, आणि काकांनी हे सांगून टाकलं. सगळे हसले. काकांना बरं वाटलं. "आता मी अडवत होतो, असं माणूस कसं सांगेल? छाती उसवून शिवलेली. त्या माणसाला मी चारचौघांत खोटं पाडू? म्हटलं, हसू देत. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. मग ते तसंच झालं."

"आणि मुलगा? त्याला तर माहीत आहे तुम्ही कुठे नोकरीला होतात ते."

काकू खिडकीकडे बघायला लागल्या. "तोही हसतो. आणि मग म्हणतो, आई, तुला साधा फोन लावता येत नाही, बाबांचं हे असं, तुम्ही दोघं सांगलीत एकटे कसे राहणार? फ्लॅट काढून टाकू. मला जायचंय गं. तिथे माझ्या मैत्रिणी आहेत, आमची भिशी आहे, मी स्वतः बाजारात जाते, बँकेत जाते. इथे मला दार उघडून रस्ता ओलांडायचा म्हटलं तर रस्त्यात माणूस नाही. पण मी जाऊ शकत नाही, कारण मला फोन लावता येत नाही."

गॅरेजचं दार वाजलं. काका परत आले होते. काकू उठल्या आणि चहाचे कप धुवायला लागल्या.

त्यानंतरचे दिवस माझे फार वाईट गेले. खरं मला माहीत होतं आणि मी बोलू शकत नव्हते. काकूंनी जे सांगितलं ते अभ्यासासाठी, नाव गुप्त राहील या वचनावर. मुलगा मला किराणा दुकानात भेटला. म्हणाला, "सांगलीला बायर मिळालाय. फेब्रुवारीत मी बाबांची पॉवर ऑफ ॲटर्नी घेऊन पंधरा दिवस जाऊन रजिस्ट्रेशन करून येतो." मी हातात घेतलेली मेथीची जुडी पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. सोनारानेच कान टोचावेत, असं मला आतून वाटत होतं. घरी येऊन मी नवऱ्यावर खेकसले, त्याचा काही संबंध नसताना. वॉर्डात मी दोनदा औषधांची ट्रॉली घेऊन निघाले आणि कुठल्या खोलीत जायचंय तेच विसरले. मग मी प्रोफेसरबाईंना गाठलं आणि म्हटलं, मी त्याला सांगते, एका वाक्याचं तर काम आहे.

"गोष्ट तिची आहे," त्या म्हणाल्या. "तू ती उचलून दुसऱ्याच्या हातात दिलीस, तर तिच्या नवऱ्याने केलं तेच तू करशील."

मी चिडून पिशवी उचलली. पण त्यांच्या पद्धतीत आणखी एक पायरी होती. तुम्ही गोष्टीचा जो अर्थ लावला, तो सांगणाऱ्याला परत जाऊन ऐकवायचा. बरोबर आहे का विचारायचं. ती पायरी मला तोवर निव्वळ औपचारिकता वाटायची. आता मी तिच्यासाठी धावत गेले.

काका व्यायामाला गेलेले असताना मी काकूंना मराठीत वाचून दाखवलं. काकांची गोष्ट लाल गाडी येते तिथे रंगात येते आणि तुमची गोष्ट तुमच्या नोकरीपासून सुरू होते. त्यांच्या गोष्टीत योगायोगाने जीव वाचतो, तुमच्या गोष्टीत तुम्ही नवऱ्याचं ऐकत नाही म्हणून वाचतो. दिवस एकच आहे, पण एकातून निघतं की ही बाई एकटी राहू शकत नाही, आणि दुसऱ्यातून निघतं की हिच्यासारखी बाई घरात असली तर काळजीचं कारण नाही. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे. हे तू कुठे सांगणार?"

"माझ्या प्रबंधात. कॉलेजात. कदाचित नर्सेसच्या एखाद्या मासिकात. तुमचं नाव, गाव, काही येणार नाही. तुम्ही कोण ते कुणालाच कळणार नाही."

"माझ्या मुलालाही नाही?"

"त्यालाही नाही. ती आमची जबाबदारी."

काकूंनी डोळे उघडले. "मग उपयोग काय?"

एवढंच म्हणाल्या. इतकी वर्षं गुप्तता हा शब्द मी औषधासारखा जपला होता. पेशंटचं भलं त्यातच, असं मला शिकवलेलं. काकूंच्या तोंडाकडे बघताना पहिल्यांदा वाटलं की आपण या बाईची गोष्ट सुरक्षित ठेवतोय म्हणजे पुन्हा एकदा झाकून ठेवतोय. मला रडू आलं, आणि ते आवडलं नाही म्हणून मी घाईघाईने कागद गोळा केले.

संक्रांतीच्या आसपासच्या शनिवारी त्यांच्याकडे तिळगुळाला बोलावणं होतं. तळघरात सतरंज्या अंथरलेल्या, मुलं वरच्या खोल्यांतून धुडगूस घालत होती. अटलांटाकडून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं. तिकडे अल्फारेटा उपनगरात किती ऊन असतं आणि इथे आपण कुठे येऊन पडलो, हे ते सगळ्यांना सांगत होते. मुलाने जेवताना जाहीर केलं की सांगलीचा व्यवहार जमला. लोकांनी अभिनंदन केलं. काकू गुळाच्या पोळीवर तूप वाढत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. मी मात्र जेवले नाही नीट.

मग व्हायचं तेच झालं. नव्या जोडप्याला कुणीतरी म्हणालं, अरे तुम्ही काकांची स्टोरी ऐकली नाही? काकांनी आढेवेढे घेतले आणि सुरू केलं. मी भिंतीशी उभी होते. उठून वर जावं असं वाटत होतं. गॅसेस झाले, बहीण झाली, शून्य एक एक झालं. "दाबलं नऊ, दाबलं एक, आणि बोट थरथरलं—"

"थरथरलं नाही," काकू म्हणाल्या.

मोठ्याने नाही. तुपाचं भांडं त्यांच्या हातात तसंच होतं. काकांना वाटलं गंमत आहे, ते हसले आणि पुढे जायला लागले.

"अहो, थांबा जरा. माझं बोट थरथरलं नाही. मी नाइन वन वनच लावला. तुम्ही नको म्हणत होतात, तरी लावला." मग त्या नव्या जोडप्याकडे वळल्या, जणू त्यांनाच गोष्ट सांगायची राहिली होती. "मी टेलिफोन ऑपरेटर होते. तीस वर्षं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. जड झालेला हात, मीटिंग, घाम, ठेव तो फोन. काकांना दोष द्यायचा सूर नव्हता. कुणी हसलं नाही. वर मुलं धावत होती, त्याचा आवाज छतातून येत होता. काका आपल्या रिकाम्या ताटलीकडे बघत होते. त्यांचा चेहरा एकदम आजारी माणसासारखा दिसायला लागला, आणि सवयीने मी त्यांच्या मनगटाकडे, श्वासाकडे बघितलं. मला काकूंचा अभिमान वाटत होता आणि काकांची भयंकर दया येत होती. या गोष्टीवर तो माणूस इतके महिने उभा होता, आणि ती आता गेली होती.

मुलगा म्हणाला, "आई, पण तू हे कधी मेन्शनच केलं नाहीस. मी हॉस्पिटलमध्ये विचारलं होतं तुला."

"तू बाबांना विचारलंस, काय झालं. मला विचारलंस, आई, घाबरलीस का? मी म्हटलं, हो. घाबरले होतेच रे."

मी भिंतीशी आणखी चिकटले. मीही त्यांना आधी तेच विचारलं होतं.

मुलाचं तोंड उघडं राहिलं होतं. "मी एक्सचेंजच्या पायरीवर बसून होमवर्क करायचो," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "आय न्यू धिस. मला माहीत होतं यार." त्याने हात तोंडावरून फिरवला. काकू म्हणाल्या, पोळ्या गार होतायत. कुणीतरी घाईने ताटली पुढे केली.

त्यानंतर तीन-चार आठवडे त्या घरात फार कुणी कुणाशी बोललं नाही, असं मला सुनेकडून कळलं. काका व्यायामालाही जाईनात. मी काय करून बसले, या विचाराने मी घरभर फिरायचे. प्रोफेसरबाई म्हणाल्या, तू काही केलं नाहीस, तू फक्त ऐकलंस. मला ते सांत्वन वाटलं नाही. ऐकण्यानेही घर हलतं, हे त्यांच्या पुस्तकात कुठे लिहिलं नव्हतं. माझ्या प्रबंधात मी ते लिहिलं, आणि तोंडी परीक्षेत त्यावरच मला सगळ्यात जास्त प्रश्न आले. इथे हे जे लिहितेय ते मात्र काकूंना विचारून लिहितेय. त्या म्हणाल्या, लिही, नावाचं काही नाही, पण बोट थरथरलं असं लिहू नकोस.

फेब्रुवारीत मुलगा रजिस्ट्रेशनला गेला नाही. बायरला फोनवर नाही सांगितलं. एप्रिलमध्ये काका-काकूंची तिकिटं काढली, दोघांचीही, काकांच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा आणि सांगलीतल्या हार्टच्या डॉक्टरची वेळ घेऊन. काका शेवटपर्यंत म्हणत होते की जाण्याची घाई काय आहे, पण बॅग भरताना वजनकाट्यापाशी तेच उभे होते म्हणे.

एअरपोर्टवर मीही गेले. मुलाने दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. इथल्या सगळ्यांच्याच आईवडिलांना आम्ही व्हीलचेअरवर बसवून पाठवतो. पाय धडधाकट असले तरी. गेट सापडणार नाही, इंग्रजी बोलता येणार नाही, कुणी ढकलत नेलं की आपल्याला काळजी नाही. दोन माणसं दोन खुर्च्या घेऊन आली. काकूंनी एका खुर्चीत काकांना बसवलं, त्यांच्या मांडीवर हातातली पिशवी ठेवली, आणि दुसऱ्या खुर्चीवाल्याला म्हणाल्या, "थँक्यू. आय वॉक." मुलाने ती खुर्ची परत पाठवली. दोघांचे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास काकूंनी स्वतःच्या हातात घेतले.

आम्हाला दोरीच्या अलीकडे थांबावं लागलं. काकू पुढे, मागून काकांची खुर्ची. खुर्ची ढकलणारा उंच, वयस्कर माणूस होता. त्याने काहीतरी विचारलं असावं, कारण काकांनी मान वळवून वर बघितलं आणि काकूंच्या पाठीकडे बोट केलं. आवाज त्यांचा नेहमीसारखाच खणखणीत होता, आम्हाला दोरीपाशी ऐकू आला.

"माय वाइफ. शी डझ नॉट लिसन टू मी. दॅट इज व्हाय आय ॲम अलाइव्ह."

तो माणूस हसला. काका हसले नाहीत. काकूंनी मागे वळून बघितलं नाही, त्या रांगेत पुढे सरकत होत्या.

"अहो, पुरे," त्या म्हणाल्या. "सिक्युरिटी आली. बूट काढा."